'ओरिजिनल' नावाचं सोवळं

मागच्या पावसाळ्यातल्या एका रविवारी माझ्या बाणेरच्या फ्लॅटवर एक पाहुणा येणार होता. पुण्यात जुनी ट्रान्सफॉर्मर्स खेळणी जमवणारे आम्ही बोटांवर मोजण्याइतके लोक आहोत, त्यातला हा सगळ्यात सिनियर. सगळे त्याला दादा म्हणतात. तो येणार म्हणून मी काचेचं कपाट पुसलं, रोबो सरळ रांगेत उभे केले आणि वरच्या खणातली एक जांभळी बीटल गाडी उचलून मोज्यांच्या ड्रॉवरमध्ये टाकली.

ती गाडी बाबांनी तासगावच्या रथोत्सवात घेतली होती. मी तेव्हा सहा वर्षांचा असेन. मागचं दार उघडलं की पाय बाहेर येतात, बाजू ओढल्या की हात, टप पाठीवर जातं आणि रोबो तयार. उजवा हात सैल आहे, त्यामुळे तो कायम कुणालातरी सलाम करत असल्यासारखा वर राहतो. चिनी माल. खोक्यावरचं इंग्रजी स्पेलिंगसुद्धा चुकलेलं होतं.

दादा आला, चहा घेतला, कपाटासमोर उभा राहिला. माझा ऑप्टिमस प्राइम बाहेर काढला. पहिल्या नोकरीच्या तिसऱ्या पगारातून घेतलेला, अमेरिकेत राहणाऱ्या चुलतभावाच्या बॅगेतून आलेला. दादानं त्याच्या खांद्यांवरच्या दोन क्रोमच्या नळ्यांवरून, म्हणजे ट्रकच्या धुराड्यांवरून, अंगठा फिरवला आणि तो परत ठेवला.

"दोन हजार दोनचा ना? रिइश्यू. ठीक आहे रे, शोसाठी ठीक आहे."

एवढंच. पुढे तासभर आम्ही छान गप्पा मारल्या. पण तो गेल्यावर मी दोन दिवस धुमसत होतो. पहिला दिवस त्याच्यावर. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की दादानं माझ्या ऑप्टिमसचं जे केलं तेच मी सकाळी दहा वाजता त्या जांभळ्या बीटलचं केलं होतं. फरक इतकाच की त्यानं निदान खेळणं परत कपाटात ठेवलं.

तर हा लेख त्या वर्गवारीबद्दल आहे. तिची उतरंड साधारण अशी: सर्वात वर १९८४-८५ चा अमेरिकन किंवा जपानी माल, तोही खोक्यासकट. त्याखाली त्याच साच्यातून नंतर काढलेला अधिकृत माल, म्हणजे रिइश्यू. त्याखाली 'कुठल्यातरी देशातला' माल: ब्राझील, मेक्सिको, पेरू. सगळ्यात खाली, उंबऱ्याबाहेर, नक्कल. ही उतरंड आम्ही लोक इतक्या सहजपणे वापरतो की ती निसर्गानंच केली असावी असं वाटतं. माझं म्हणणं असं आहे की ती खोटी आहे, आणि खोटी असल्याचा पुरावा सगळ्यात वरच्या पायरीवरच ठेवलेला आहे.

ऑप्टिमस प्राइमपासूनच सुरुवात करू.

जपानमध्ये ताकारा नावाची कंपनी १९८० पासून 'डायाक्लोन' नावाची खेळणी विकत होती. त्यातले रोबो जिवंत नव्हते. ते यंत्रं होते आणि ती चालवायला बोटाच्या पेराएवढी, पायाला चुंबक असलेली माणसं होती. ताकाराचीच दुसरी मालिका होती मायक्रोमॅन. तिच्यात १९८३ मध्ये 'मायक्रो चेंज' आलं, म्हणजे घरातल्या वस्तूंचे रोबो: कॅसेट प्लेयर, कॅमेरा, सूक्ष्मदर्शक, पिस्तूल. त्याच वर्षी टोकियोच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीच्या लोकांनी हा माल पाहिला. त्यांनी दोन्ही मालिकांतली खेळणी उचलली, एका पिशवीत घातली आणि मार्व्हल कॉमिक्सकडे गोष्ट मागितली. चालक काढून टाकले, यंत्रांना जीव दिला, त्यांच्यात भांडण लावलं. 'ऑप्टिमस प्राइम' हे नाव डेनी ओ'नील या मार्व्हलच्या संपादकाचं. बाकीची बहुतेक नावं आणि स्वभाव बॉब बुडियान्स्कीनं लिहिले. १९८४ मध्ये हे सगळं 'ट्रान्सफॉर्मर्स' म्हणून अमेरिकेच्या दुकानांत आलं.

म्हणजे दादा ज्याला ओरिजिनल म्हणतो तो १९८४ चा ऑप्टिमस काय आहे? 'बॅटल कॉन्व्हॉय' नावाच्या जपानी ट्रकची, दुसऱ्या देशासाठी नाव, खोका आणि गोष्ट बदलून काढलेली आवृत्ती. एका शब्दात, रिइश्यू. आणि गंमत इथे थांबत नाही. १९८५ मध्ये ताकारानं ती अमेरिकन गोष्ट उलट जपानमध्ये आणली आणि तोच ट्रक जपानी पोरांना पुन्हा विकला, आता 'कॉन्व्हॉय' म्हणून. माहेरचीच मुलगी नवं आडनाव लावून माहेरी पाहुणी आली.

या पहिल्या फळीतल्या खेळण्यांत डायाक्लोनच्या खुणा अजून आहेत. गाडीत त्या चुंबकाच्या पायाच्या माणसासाठी जागा असते. ट्रेलरमधल्या यंत्राला एक छोटी खुर्ची आहे. अमेरिकन गोष्टीत त्या खुर्चीवर बसणारं कुणीच नाही. चाळीस वर्षं ती रिकामी आहे, आणि 'पहिली आवृत्ती' म्हणून लाखभर रुपये मोजणाऱ्यांना ती दिसत नाही असं नाही. दिसते. ते तिला 'कॅरॅक्टर' म्हणतात.

दुसरी उदाहरणं तर याहून बेशरम आहेत. जेटफायर हे ताकाराचं खेळणंच नव्हतं. ते ताकातोकु नावाच्या कंपनीनं 'मॅक्रॉस' या कार्टूनसाठी बनवलेलं व्हाल्कीरी विमान. हॅस्ब्रोनं त्याचं लायसन्स घेऊन त्यावर आपला शिक्का मारला. ताकातोकु १९८४ मध्ये बुडाली आणि साचे बांडाईकडे, म्हणजे ताकाराच्या स्पर्धकाकडे गेले. परिणाम असा की जपानमध्ये ताकारानं जेटफायर कधी विकलाच नाही. कार्टूनमध्ये त्याचा चेहरामोहरा बदलून त्याला 'स्कायफायर' करावं लागलं, आणि तो जुना साचा ट्रान्सफॉर्मर म्हणून पुन्हा निघाला नाही. शॉकवेव्हचंही तेच. मुळात टोयको कंपनीचा 'ॲस्ट्रो मॅग्नम'. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत रेडिओ शॅकच्या दुकानांत तोच रोबो करड्या रंगात 'गॅलॅक्टिक मॅन' म्हणून मिळत होता, तर हॅस्ब्रोकडे तो जांभळा होता आणि खलनायक होता. यातला खरा कोण? एकाच साच्यातली दोन भावंडं. एकाला गोष्ट मिळाली, दुसऱ्याला मिळाली नाही.

आता पिवळ्या लॅम्बोर्गिनीचं बघा. डायाक्लोनमध्ये काउंटॅश गाडी लाल होती तशी पिवळीही होती. हॅस्ब्रोनं लाल घेतली, तिचा साइडस्वाइप केला, पिवळी मागे राहिली. वीसेक वर्षांनी जपानच्या ई-हॉबी या दुकानासाठी त्याच साच्यातून पिवळी गाडी पुन्हा काढली, नाव दिलं 'टायगरट्रॅक'. कॅटलॉगात ती 'रिइश्यू साच्यावरचा नवा रंग'. पण रंग म्हणून पाहिलं तर ती ट्रान्सफॉर्मर्स जन्मायच्या आधीची. उतरंडीच्या कुठल्या पायरीवर ठेवायची ती? मी दादाला हा प्रश्न विचारला होता. तो म्हणाला, "ते वेगळं." प्रत्येक सोवळ्यात एक 'ते वेगळं' असतंच.

मी इंजिनिअरिंग केलं मेकॅनिकलमध्ये आणि नोकरी करतो सॉफ्टवेअरमध्ये, हे सांगण्यासारखं काही नाही, निम्म्या महाराष्ट्राची हीच गोष्ट आहे. पण तिसऱ्या वर्षी मिरजेच्या एमआयडीसीत एका मोल्डिंग शॉपमध्ये सहा आठवडे ट्रेनिंग केलं होतं, आणि तिथल्या टूलरूममधल्या काकांनी शिकवलेली एक गोष्ट या छंदात मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली. साचा म्हणजे पोकळी. प्लास्टिक वाढवायचं असेल तर पोलाद कापायचं, ते सोपं. प्लास्टिक कमी करायचं असेल तर कापलेल्या पोलादात पुन्हा पोलाद भरायचं, ते कटकटीचं. वेल्डिंग करा, इन्सर्ट बसवा, पुन्हा घासा. म्हणून कुणी साच्यात काही 'कमी' केलं असेल तर समजायचं की त्याच्यावर कुणीतरी दबाव आणलाय. हौसेनं कुणी ते करत नाही.

आता दादानं अंगठा फिरवलेली धुराडी. २००२ मध्ये हॅस्ब्रोनं 'कमेमोरेटिव्ह सीरिज' या नावानं जुने साचे अमेरिकेत टॉईज-आर-अस या दुकानांसाठी पुन्हा काढले. तेव्हा ऑप्टिमसची धुराडी आखूड केली, कारण १९८४ ते २००२ या काळात अमेरिकेतल्या खेळण्यांच्या सुरक्षेच्या अपेक्षा बदलल्या होत्या. सरळ उभी, टोकदार, लांब नळी पोराच्या डोळ्यात जाऊ शकते. ज्याला दादा 'कापलेला' माल म्हणतो तो एका समाजानं अठरा वर्षांत काय शिकलं याचा प्लास्टिकमधला पुरावा आहे. माझ्या दृष्टीनं ती आखूड नळी लांब नळीपेक्षा जास्त बोलते. लांब नळी फक्त 'मी ट्रक आहे' एवढंच सांगते.

मेगाट्रॉनचं प्रकरण तर याच्या पुढचं. तो मायक्रो चेंजमधला वॉल्थर पी-३८ पिस्तुलाचा रोबो. जपानमध्ये तो गोळ्या उडवायचा. हॅस्ब्रोनं १९८४ मध्येच गोळ्या काढून टाकल्या. मग १९८८ मध्ये अमेरिकेत कायदा झाला की खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकीला ठळक नारिंगी खूण हवी. जपानमध्ये ताकारानं मेगाट्रॉन पुन्हा काढला. अमेरिकेत हॅस्ब्रोनं तो जुना पिस्तूलवाला दुकानात परत आणला नाही. म्हणजे सगळ्या गोष्टीचा मुख्य खलनायक त्याच्याच 'जन्मभूमीत' परत येऊ शकत नाही. अमेरिकन पोरांनी खोट्या बंदुका हातात धरल्या आणि समोरच्याला त्या खऱ्या वाटल्या, त्याची किंमत काय झाली हे ज्यांना माहीत आहे त्यांना या नारिंगी टोकाचा अर्थ सांगायला नको. आणि आम्ही कपाटासमोर उभे राहून म्हणतो, "अरे यार, नारिंगी टोकानं लूक घालवला."

उलट दिशेचंही एक उदाहरण देतो, नाहीतर वाटेल की रिइश्यू म्हणजे नेहमी काहीतरी कमी करणं. १९८८ मध्ये अमेरिकेत पॉवरमास्टर ऑप्टिमस प्राइम आला. जपानमध्ये त्याच साच्याचा 'सुपर जिनराई' झाला. तो ऑप्टिमस नव्हेच, एका माणूस ट्रकड्रायव्हरशी जोडलेलं वेगळंच पात्र. जपानी खेळण्यात धातूचे भाग जास्त होते, आणि शिवाय 'गॉडबॉम्बर' नावाचा दुसरा रोबो मिळायचा, जो सुटा होऊन जिनराईच्या अंगावर चिलखतासारखा चढायचा. अमेरिकन पोराला त्या वेळी हा गॉडबॉम्बर मिळालाच नाही. त्याच्या खेळण्यावर मात्र तो जोडण्यासारखी रचना होती. दीड दशकानं, कमेमोरेटिव्ह मालिकेत, तो भाग पहिल्यांदा अमेरिकन दुकानात पोचला. अशा वेळी 'ओरिजिनल' कोणता? अमेरिकन मुलासाठी १९८८ चा अर्धाच होता. रिइश्यूनं तो पूर्ण केला.

हे झालं श्रीमंत देशांचं. मला खरा राग येतो तो तिसऱ्या पायरीवरच्या मालाला मिळणाऱ्या वागणुकीचा, कारण ती पायरी आपली आहे.

ऐंशीच्या दशकात ब्राझीलमध्ये परदेशी खेळणी सहज आणता येत नव्हती. आयातीला भिंत होती. म्हणून एस्त्रेला ही तिथली मोठी कंपनी लायसन्सवर छोटे ट्रान्सफॉर्मर्स तिथेच बनवू लागली. मिनिबॉट म्हणजे तळहातात मावणाऱ्या गाड्या: साचा साधा, भाग कमी, किंमत कमी. ऑटोबॉट आणि डिसेप्टिकॉन ही नावं तिथे नव्हती. चांगले ते 'ऑप्टिमस' आणि वाईट ते 'मालिग्नुस'. म्हणजे सगळी सज्जनांची जातच ऑप्टिमस! आपल्या बंबलबीचं नाव तिथे नुसतं 'सेडान'. रंग त्यांचे त्यांचे. मेक्सिकोत आयजीए, अर्जेंटिनात अँटेक्स, पेरूत लिन्सा: सगळीकडे तेच छोटे मिनिबॉट, तिथल्या कारखान्यांत, तिथल्या प्लास्टिकमध्ये, कधी अमेरिकेत न दिसलेल्या रंगांत. युरोपात मिल्टन ब्रॅडलीच्या मालात ट्रॅक्स ही निळी कॉर्व्हेट लालही मिळायची. इटलीत जीआयजीनं डायाक्लोनचीच खेळणी 'ट्रास्फॉर्मेर' म्हणून विकली, मधला 'न' गाळून.

कलेक्टर लोक यांना 'व्हेरिअंट' म्हणतात. दोन अर्थांनी म्हणतात. दुर्मीळ असेल आणि विकायचा असेल तेव्हा 'ओह, लिन्सा व्हेरिअंट', आणि नसेल तेव्हा 'साउथ अमेरिकन क्वालिटी'. पण जरा विचार करा, बंबलबी पिवळा हे कुणी ठरवलं? १९८४ मध्ये हॅस्ब्रोनंच बंबलबी पिवळाही विकला आणि लालही. क्लिफजंपर लालही विकला आणि पिवळाही. एवढंच नाही, काही पाकिटांत क्लिफजंपरच्या कार्डावर तिसरीच गाडी आली, माझदाची. तिला तेव्हा कंपनीचं नाव नव्हतं, लोकांनी गमतीनं 'बंबलजंपर' ठेवलं. म्हणजे खुद्द पहिल्या वर्षी, खुद्द अमेरिकेत, रंग आणि ओळख यांचा गोंधळ होता. तो गोंधळ अमेरिकेत झाला की 'दुर्मीळ प्रॉडक्शन व्हेरिअंट' आणि लिमात झाला की 'क्वालिटी कंट्रोल नव्हतं'.

आपल्याकडचं थोडं सांगतो, कारण भिंत आपल्याकडेही होती. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून १९८७ मध्ये फनस्कूल उभी राहिली आणि तिचा कारखाना गोव्यात आहे. फनस्कूलनं हॅस्ब्रोच्या साच्यांतून जी.आय. जो सैनिक बनवले, अमेरिकेत ती मूळ मालिका १९९४ मध्ये थांबल्यावरही बरीच वर्षं. रंग असे की अमेरिकन जनरल बेशुद्ध पडेल: भडक पिवळे, निळे, कुणाचं डोकं कुणाच्या धडावर. ते रोबो नव्हेत हे मान्य, पण कंपनी तीच, पद्धत तीच: जुना साचा समुद्र ओलांडून येतो आणि इथल्या पोरांसाठी दुसरं आयुष्य जगतो. माझ्या मावसभावाकडे असे चार होते. त्यानं ते टेरेसवरच्या टाकीत बुडवून पाणबुडे केले. आज अमेरिकन कलेक्टर हेच गोव्याचे सैनिक शोधत असतात, आणि आपल्याकडचे लोक त्यांना 'फनस्कूलचा लोकल माल' म्हणून अजून नाक मुरडतात.

माझ्या जांभळ्या बीटलमागेही एक तारीख आहे. एप्रिल २००१ मध्ये भारतानं ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरची उरलीसुरली संख्यात्मक बंधनं उठवली. त्यानंतर दोनेक वर्षांत चिनी प्लास्टिक तासगावच्या रथाच्या रस्त्यावर, प्रसादाच्या पेढ्यांच्या आणि फुग्यांच्या शेजारी, ताडपत्रीवर पसरलेलं होतं. आणि आता पुन्हा भिंत आली. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. २०२१ पासून बीआयएसची खूण सक्तीची. म्हणून माझा ऑप्टिमस दुकानातून आला नाही, भावाच्या बॅगेत मोज्यांमध्ये गुंडाळून आला. आमच्या कपाटातल्या प्रत्येक वस्तूवर कुठल्यातरी सरकारच्या कुठल्यातरी निर्णयाचा ठसा आहे. ते वाचायचं सोडून आम्ही खोक्याचा कोपरा दबलाय का ते बघतो.

आता दादाच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो. तारीख महत्त्वाची आहे. १९८४ ची वस्तू १९८४ मधून आलीय, तिला तो काळ लागलेला आहे, आणि तसं काही रिइश्यूला लागलेलं नाही. संग्रहालयानं १९८४ चीच ठेवावी. आणि नकलेचं म्हणाल तर फसवणुकीची नक्कल ही चोरीच आहे. जुन्या खोक्याची हुबेहूब छपाई करून, नवा चिनी माल आत घालून 'व्हिंटेज' म्हणून विकणारे लोक आहेत. मीही एकदा त्यांत फसलोय. स्टिकरवरच्या ठिपक्यांनी उघडं पडलं, पैसे गेले ते गेलेच. पण माझी बीटल मी कुणाला १९८४ ची म्हणून विकत नाहीये. तासगावच्या ताडपत्रीवर बसलेल्या माणसानंही मला तसं सांगितलं नव्हतं. त्यानं ती 'रोबो होनारी गाडी' म्हणून विकली आणि ती रोबो झाली.

आणि जुनं म्हणजे पक्कं, हाही एक भ्रम. त्या काळातल्या सोनेरी चकाकीच्या प्लास्टिकला एक रोग आहे, 'गोल्ड प्लास्टिक सिंड्रोम' म्हणतात. काही वर्षांनी ते आतून ठिसूळ होतं आणि बिस्किटासारखं तुटतं. जपानचा ब्लॅक झराक याचा प्रसिद्ध बळी. जेटफायरचं पांढरं अंग जुन्या स्विचबोर्डासारखं पिवळं पडतं. ज्या खेळण्याचं सगळं सार त्याच्या वळण्यात आहे ते वळवायचीच भीती, अशी ओरिजिनलची अवस्था. हात लावायचा तो रिइश्यूलाच. दोन हजार तेरामध्ये ताकारा टोमीनं 'एन्कोर' मालिकेत फोर्ट्रेस मॅक्सिमस पुन्हा काढला, दोन फुटांच्या आसपास उंच. १९८७ चा अखंड मिळणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होतं. त्या रिइश्यूमुळे कितीतरी लोकांनी तो आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातांनी शहराचा रोबो करून पाहिला. त्यांचं खेळणं खोटं?

कंपन्यांनाही मी सोडणार नाही, कारण ही उतरंड त्यांच्या फायद्याची आहे आणि ते ती जाणून जपतात. रिइश्यू काढायचा तर तो एका देशात, त्या देशातल्या एका दुकानात. हा रंग फक्त ई-हॉबीला, तो फक्त टॉईज-आर-असला, २०१८ मधले हॉट रॉड आणि स्टारस्क्रीम फक्त वॉलमार्टला. साचा एक, कारखाना बहुतेक वेळा एक, आणि विक्रीच्या नकाशावर मुद्दाम ओढलेल्या रेघा. त्या रेघांतून दुर्मिळता तयार होते, दुर्मिळतेतून किंमत, किमतीतून तोच तो 'ओरिजिनल'चा दरारा. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही एका ओळीचा बदल केला तरी काय बदललं, कधी आणि का, हे लिहून ठेवावं लागतं. न लिहिणाऱ्याला टीममध्ये शिव्या बसतात. इथे धुराडं आखूड होतं आणि खोक्यावर त्याबद्दल एक ओळ नसते. ते कुणी शोधायचं? अंगठा फिरवणाऱ्या दादानं. मग ते ज्ञान त्याच्या मालकीचं होतं आणि ते माहीत नसलेला पोरगा लहान होतो.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक रिइश्यूच्या अंगावर, खोक्यावर नव्हे, ज्या वर्षी तो काढला ते वर्ष साच्यातच कोरा. पोलाद कापायचंय, सोपं काम आहे. मूळ साच्यात काय बदललं ते सूचनापत्रकात चार ओळींत छापा. आणि आपण लोकांनी 'ओरिजिनल' हा शब्द वापरणं बंद करावं. '१९८४, हॅस्ब्रो, अमेरिका' म्हणा. '१९८३, ताकारा, डायाक्लोन' म्हणा. '२००२, आखूड धुराडं' म्हणा. 'लिन्सा, पेरू' म्हणा. 'अज्ञात कारखाना, चीन, तासगावला घेतली' म्हणा. जिभेला थोडा त्रास होईल, पण त्यात कुणी वर-खाली राहत नाही आणि माहिती मात्र पाचपट मिळते.

ती बीटल मी त्याच आठवड्यात ड्रॉवरमधून काढली. खरं सांगायचं तर लगेच कपाटात ठेवली नाही. आधी भिंग घेऊन तिचे तळपाय बघितले. मनात एक लबाड आशा होती: न जाणो, एखादा शिक्का निघेल, कुठल्यातरी दूरच्या देशाच्या अधिकृत लायसन्सचा, आणि बाबा नकळत खजिना घेऊन आले होते असं ठरेल. शिक्का नव्हता. साच्याच्या पिनांच्या दोन गोल खुणा होत्या आणि मी लहानपणी बॉलपेननं लिहिलेलं माझं नाव, उलट्या 'स'सकट. आशा केली याची मला पुन्हा एकदा लाज वाटली, कारण ती आशा म्हणजे दादाचाच अंगठा होता. मग गाडी वरच्या खणात, ऑप्टिमसच्या शेजारी ठेवली. चिठ्ठी लावलीय.

गेल्या महिन्यात दादाचा मेसेज आला. कमेमोरेटिव्ह मालिकेला आता वीस वर्षं उलटून गेलीत, आणि तिचेही भाव चढायला लागलेत. नवे कलेक्टर तिला व्हिंटेज म्हणतात.

'तो २००२ चा द्यायचाय का रे? बघ विचार करून. खोका आहे ना?'

मी लिहिलं, खोका नाही दादा, भावानं बॅगेत मावेना म्हणून तिकडेच टाकला.

बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं.

'अरेरे,' दादानं लिहिलं. 'पण धुराडी आखूडवालीच आहेत ना?'